भोयर काकांची साक्ष

"पोरगी बोलत नाई जी, पण ऐकते सगळं. द्या इकडं, मी घेतो."

आमच्या फाटकापाशी भोयर काका कुरिअरवाल्याला हे सांगत होते. पार्सल माझं होतं, फाटक आमचं होतं आणि मी दारामागे पडदा धरून उभी होते. ओढणी शोधायला जेवढा वेळ लागला तेवढाच उशीर मला झाला होता. तेवढ्यात काका शेजारच्या अंगणातली खुर्ची सोडून इथवर पोचले होते.

"काका, ओटीपी लागते. मॅडमच्या फोनवर आला असन."

"श्रुती! ओटीपी सांग बेटा. ओऽटीपी."

मी बाहेर आले आणि न बोलता फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि आकडे दोनदा वाचले. एकदा भरभर आणि एकदा सावकाश. गल्लीच्या टोकाला कुणी असतं तर त्यालाही ते लिहून घेता आले असते. कुरिअरवाला हसत निघून गेला. काकांनी पार्सल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "झालं ना काम? उगाच लाजतं."

काका एसटीतून निवृत्त झाले होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत काढली. खिडकीशी येईल त्याला गाडी सांगायची आणि मधूनमधून लाउडस्पीकरवरून पुकारायची. लाउडस्पीकरवर सगळंच दोनदा सांगावं लागतं. नोकरी संपली, पण ही सवय गेली नाही. "वहिनी, नळ आले. नळ आले." "आज दूधवाला येत नाई. येत नाई आज." वर्ध्याच्या नालवाडीतल्या आमच्या गल्लीत त्यांचा आवाज ऐकला नाही असा दिवस मला आठवत नाही. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, उन्हाळ्यात मानेवर ओला दुपट्टा. फाटकाला लावून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली खुर्ची. खुर्ची रस्त्याकडे तोंड करून, म्हणजे येणाऱ्याने आधी त्यांनाच विचारावं.

आणि लोक विचारायचे. गॅसवाला, पोस्टमन, वीज मीटरवाला, पाव्हणे. काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "विचारणाऱ्याले रिकामं पाठवू नये." ते यावर मनापासून विश्वास ठेवून होते. त्यामुळे माहीत असलेलं ते सांगायचेच, पण माहीत नसलेलंही सांगायचे. "मले माहीत नाई" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

याची एक गोष्ट ते स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगत. एक म्हातारी बाई समुद्रपूरकडच्या गाडीची चौकशी करायला आली. गाडी त्या दिवशी येणार की नाही हे काकांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "येते आताच. बसा." थोड्या वेळाने ती पुन्हा आली. "येते आताच." दुपार अशीच गेली. शेवटी कळलं की गाडी रद्द आहे. मग काका खिडकी सोडून उठले, म्हातारीचं गाठोडं स्वतः उचललं, बाहेर जाऊन तिला काळीपिवळीत बसवून दिलं आणि ड्रायव्हरला बजावलं, "जामच्या चौकात नाई सोडाचं, घरापर्यंत नेजो." म्हातारीने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. गोष्ट तिथे संपायची आणि काका आमच्याकडे बघायचे. ऐकणारे सगळे मान हलवायचे. मला मात्र दर वेळी वाटायचं की पहिल्यांदाच "माहीत नाही" म्हटलं असतं तर ती बाई दुपारीच घरी पोचली असती. मी हे कधी बोलले नाही.

मी काहीच बोलायचे नाही, हेच खरं. बाबा गेले तेव्हा मी पाचवीत होते. आई देवळीच्या शाळेत शिक्षिका. ती सकाळच्या बसने जायची आणि मी शाळेतून येऊन एकटी घरी असायचे. त्या वर्षांत आमच्या दारात आलेल्या प्रत्येक माणसाला काकांनीच उत्तर दिलं. विम्याच्या माणसाशी ते बोलले, बाबांच्या ऑफिसातून आलेल्यांशी ते बोलले. आईला बाबांच्या पेन्शनसाठी खेटे घालावे लागले तेव्हा स्वतःच्या स्कूटरवर तिला तेच घेऊन गेले. हे सगळं मला माहीत आहे आणि ते मी विसरलेले नाही. पण पाव्हणे मला विचारत, "कितवीत गं तू?" आणि मी तोंड उघडायच्या आत भिंतीपलीकडून उत्तर यायचं, "आठवीत. इंग्लिश मिडियमले आहे. मराठीत लाजते." मी मराठीत लाजत नव्हते. मी लाजतच होते. भाषेचा काही संबंध नव्हता. पण पुढे गल्लीत तेच ठरून गेलं. कुणी माझ्याशी बोलायचं झालं की आधी काकांकडे बघायचं.

लग्नांच्या बाबतीत तर काकांचा शब्द म्हणजे शिक्का होता. आमच्याकडे मुलगी बघायला येण्याआधी मुलाकडचा एखादा माणूस सहज आल्यासारखा गल्लीत येतो. पत्ता चुकल्यासारखं करतो, पाणी मागतो आणि मग आडून विचारतो: अमक्यांची मुलगी कशी आहे, किती वर्षांपासून राहतात, काही भानगड वगैरे? अगदी शेजारच्या घरी विचारायचं नाही, असा संकेत आहे, कारण शेजारी एक तर गोडवे गातो नाहीतर सूड उगवतो. पण आमच्या गल्लीत तिसऱ्या घरीही विचारलं तरी ते म्हणायचे, "भोयर काकाले विचारा." काकांच्या साक्षीवर या गल्लीतल्या मुली नागपूर, हिंगणघाट, पुलगावला गेल्या. काका प्रत्येकीचं मनापासून भलं सांगायचे. माझ्याबद्दलची त्यांची साक्ष मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलेली आहे. "आवाज म्हून नाई पोरीचा. घरात आहे का नाई, समजतच नाई." याहून मोठं कौतुक त्यांच्याकडे नव्हतं. मी हातातली कढई जरा जोरात ठेवली होती. कुणाला ऐकू आली नाही.

एम.एस्सी. करून मी नागपूरहून घरी परतले त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. समुद्रपूरच्या वाटेवर जाम गावच्या चौकात ज्यांचं मोठं हॉटेल आहे अशा एका घरून माझ्यासाठी विचारणा आली. आणि जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने मला दोन वर्षांच्या कामासाठी निवडलं. प्रयोगशाळेचं म्हणणं सरळ होतं. महिनाअखेरपर्यंत पासपोर्टची प्रत पाठवा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. आमच्या घरात कुणाकडेच नव्हता. तो लागेल असं कधी कुणाला वाटलंच नव्हतं.

आई म्हणाली, "पासपोर्ट कर. पण जामवाल्यांना नुसतं बघू द्यायला काय हरकत आहे?" त्या रात्री आमचं भांडण झालं. म्हणजे आई बोलली आणि मी रडले. सकाळी काका भिंतीवरून म्हणाले, "ऐकलं मी सगळं. जामवाल्याईची काळजी नको करू. त्याईले मी पायतो. पायतो मी." मी मान हलवली. नको म्हणायला हवं होतं का? तेव्हा तर मला बरंच वाटलं होतं.

पासपोर्टच्या बाबतीत काकांना काहीही माहीत नव्हतं, पण विचारलं नसतानाही ते सांगत राहिले. "एजंटाशिवाय होत नाई. अन् नागपूरले चकरा माराव्या लागतात." मी म्हटलं, अर्ज ऑनलाइन होतो, पोस्टातच केंद्र आहे. "पोस्टात?" ते हसले. "पोस्टात पाकिटं मिळतात बेटा." ठरलेल्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, स्कूटर पुसून ते फाटकात हजर. आई शाळेत होती. नाही म्हणायला मला वाक्य सापडलं नाही.

पोस्टातल्या केंद्राच्या दारावरच्या माणसाने त्यांना अडवलं. फक्त अर्जदार आत. काका काचेच्या दाराला नाक लावून उभे राहिले. टेबलापलीकडच्या मॅडमनी माझे कागद चाळले आणि विचारलं, "पूर्ण नाव?"

मी सांगितलं.

"जरा मोठ्यानं. आणि आत्ताचा पत्ता?"

मी श्वास घेतला. तेवढ्यात कुणीतरी दार उघडलं आणि त्या फटीतून काकांचा आवाज आला. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव, नालवाडीचा पूर्ण पत्ता आणि शेवटी, "राहणार वर्धाच! वर्धाच राहणार!" रांगेतले सगळे हसले. मॅडमसुद्धा हसल्या. "आजोबा आहेत का?" "शेजारी," मी म्हणाले. फोटोत माझे कान लाल आले आहेत. तो फोटो अजून माझ्या पासपोर्टवर आहे.

आता पोलिसांची चौकशी तेवढी राहिली होती. कुणीतरी येऊन मी दिलेल्या पत्त्यावर खरंच राहते का हे बघणार, शेजाऱ्यांना विचारणार, ठाण्यात अहवाल देणार. मी हे काकांना नीट सांगितलं. स्वतः जाऊन, खुर्चीसमोर उभी राहून सांगितलं, जे मी सहसा करत नाही. काका ताठ बसले. "पोलीस येणार म्हणतं? येऊ दे. खाकी दिसली का मीच समोर होतो." त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं की खाकी दिसली की मला आवाज द्या. दुपारची झोप त्यांनी बंद केली. दुपट्टा ओला करायचा, मानेवर टाकायचा आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना खाकी शोधत बसायचं. मी खिडकीतून त्यांना बघायचे. ते हे माझ्यासाठी करत होते, आणि तरी मला त्यांचा राग येत होता. मीही तशीच घरात अडकून बसले होते.

एका दुपारी मी झेरॉक्स काढायला बाहेर पडले. अर्जावर आईचा फोन नंबर होता आणि आई वर्गात होती, फोन पर्समध्ये. नेमका तेव्हा एक माणूस चौकड्यांचा शर्ट घालून साध्या मोटारसायकलवरून आला. काकांच्या फाटकापाशी थांबला, पाणी मागितलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "इथं ती श्रुती म्हणून मुलगी राहते का? किती वर्षांपासून आहे? कशी आहे, काही भानगड वगैरे?"

संध्याकाळी काका आमच्या अंगणात आले ते छाती काढूनच.

"वहिनी, आज जामवाले आलते. आलते आज."

"मग?" आईने विचारलं.

"मग काय! हेरगिरीले पाठोला होता एक जण. मी पाहून घेतलं त्याले. म्हटलं, काऊन बापा, कोणाले विचारून राह्यला? श्रुती इथी राह्यतच नाई. पुण्याले राह्यते, दोन वर्सं झाले. कधी येते, कधी नाई, कोणाले मालूम! राह्यतच नाई इथी." आणि मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, जो त्यांच्याकडे अगदी क्वचित ऐकू यायचा, "आता नाई येत ते लोक. तू जाजो तुह्या जर्मनीले."

आई म्हणाली, "भाऊजी, तुम्ही पण!" पण तीही हसली. मला वाटतं, मीसुद्धा हसले. त्या माणसाने नंतर वहीत काहीतरी लिहिल्याचं काकांनी सांगितलं, तेव्हाही आमच्यातल्या कुणाला शंका आली नाही. मुलाकडचे लोक लिहूनही घेतात.

आठवड्याभराने वेबसाइटवर माझ्या अर्जाखाली वेगळाच मजकूर दिसला. ठाण्यात विचारलं तेव्हा कळलं, अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, असं शेजाऱ्याने सांगितलं आहे.

मी काकांकडे गेले. गेले म्हणजे भिंतीपाशी उभी राहिले, बोलली आईच. काका बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तो पोलीस होता? खाकी कोठी होती मग?"

"साध्या कपड्यांत येतात, भाऊजी."

"खाकी नाई तर पोलीस कसा म्हणाचा? अन् पाणी काऊन मागतलं त्यानं?"

"तहान लागली असेल," काकू आतून ओरडल्या. "पोरीचं नुकसान करून ठेवलं तुमी, अन् पाण्याचं काय घेऊन बसले!"

चूक झाली, असं ते म्हणतील म्हणून मी थांबले होते. त्यांनी खिशातली दोन्ही पेनं काढली, जागा बदलून पुन्हा लावली आणि म्हणाले, "उद्या येतो मी ठाण्यात. सांगतो त्याईले."

दुसऱ्या दिवशी पासपोर्टचं काम बघणारे जमादार बंदोबस्ताला गेले होते. तिसऱ्या दिवशी ते कोर्टात होते. त्यानंतरच्या दिवशी ते ठाण्यात होते, पण आत साहेबांबरोबर बसले होते. आई रोज शाळेत अर्धी रजा मांडत होती. काका रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि बाकावर माझ्याशेजारी बसायचे. समोरून कुणी गेलं की त्याला विचारायचे, "काय काम आहे भाऊ?" आणि त्याला कुठल्या खोलीत जायचं ते सांगायचे. ठाण्यात आम्हाला तिसराच दिवस होता आणि लोक त्यांना कर्मचारी समजायला लागले होते. एकाला त्यांनी चुकीच्या खोलीत पाठवलं. तो रागावून परत आला तेव्हा काका म्हणाले, "बसा, येते आताच साहेब." मी कपाळाला हात लावला. महिना संपत आला होता.

शेवटी आम्हाला आत बोलावलं. टेबलामागे एक पोट सुटलेले, थकलेले जमादार. चौकड्यांच्या शर्टचा माणूस बाजूला उभा, आज मात्र खाकीत. काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जमादारांनी कागदावरून मान वर केली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे! चौकशीवाले काका! मी देवळीहून कॉलेजले येत होतो ना, तुमच्या खिडकीवर रोज उभा राहत होतो. तुम्ही म्हटलं गाडी आहे, म्हणजे आहे. तुमच्या शब्दावर आम्ही धावत जात होतो बापा."

काकांचा चेहरा कसा बदलला ते मला सांगता येणार नाही. इतके दिवस खुर्चीत बसून राहिलेला माणूस जणू पुन्हा खिडकीत जाऊन बसला. खांदे मागे गेले. हात आपोआप शर्टच्या खिशाकडे.

"मग काका," जमादार हसत म्हणाले, "आमच्या माणसाले तुम्ही सांगितलं का पोरगी पुण्याले राहते. अन् हे मायलेकी म्हणतात इथंच राहते. खरं कोणतं?"

एवढंच सांगायचं होतं: मी चुकीचं सांगितलं. मला वाटलं लग्नाची चौकशी आहे. जमादार हसले असते, खाकीतला माणूस हसला असता, आणि आम्ही सही करून घरी गेलो असतो.

काकांनी घसा साफ केला.

"दोन्ही खरं," ते म्हणाले. "तवा मी बरोबरच सांगितलं. तवा पोरगी पुण्यालेच होती. दोन वर्सं. आता वापस आली. वापस आली आता."

जमादारांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण पेन खाली आलं. "असं आहे का? मग पुण्याचा पत्ता अर्जात काऊन नाही? लपवल्यासारखं होते ते. आता तिकडच्या ठाण्यातून रिपोर्ट मागवा लागन."

"किती दिवस?" आईने विचारलं.

"महिना. दीड महिना. सांगता येत नाई मॅडम."

आईने काकांकडे पाहिलं. तिच्या तोंडून "भाऊजी" एवढंच आलं आणि ती थांबली. बाबा गेल्यानंतरची सगळी वर्षं त्या एका शब्दात अडकलेली मला दिसत होती. ती पुढे बोलणार नव्हती. शेजाऱ्याला, त्याच्या ओळखीच्या माणसासमोर खोटं पाडणं तिला जमणार नव्हतं.

काकांची तेव्हाची मूर्ती माझ्या मनात पक्की बसली आहे. त्यानंतरही आम्ही शेजारी होतो. पण त्यांनी खुर्ची फाटकातून काढून आत नेली होती, जिन्याच्या सावलीत, भिंतीकडे तोंड करून. मी जर्मनीला निघाले त्या सकाळी ते घरात होते की नव्हते, मला सांगता येणार नाही. दोन वर्षांनी, हिवाळ्यात ते गेल्याचं आईने फोनवर कळवलं. मला आठवतात ते त्या खोलीतलेच. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, ताठ मान. जमादारांचं समाधान झालं अशा खात्रीने ते माझ्याकडे वळले होते, आणि आयुष्यभर प्रत्येक पाव्हण्यासमोर, प्रत्येक दारात जसे हसायचे तसेच हसले होते. डोळे मिचकावून. झालं ना काम?

पेन पुन्हा उचललेलं होतं. जमादार लिहायला वाकले होते.

"साहेब," मी म्हणाले. आवाज माझाच होता, आणि तो पुरेसा मोठा होता. "मी पुण्याला कधीच राहिले नाही. काका खोटं बोलताहेत."